अर्धी दाढी

मित्रांनो, मी न्हाव्याच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे. हल्ली भंगारवाल्याच्या आवारात पडून असते. माझा पाय ओतीव लोखंडाचा आहे. गादी मात्र आता उंदरांची झाली आहे.

माझं सारं आयुष्य एकाच मालकाकडे गेलं. त्यांचा हात इतका हलका होता की गिऱ्हाइकं दाढी करून घेताघेता घोरू लागत. त्यांना एकच मुलगा. लहानपणी तो माझ्यावर बसून गरागरा फिरायचा, म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणत. मोठा झाल्यावर तो डाव्या हातानं कात्री चालवू लागला. सुरुवातीला लोक बिचकत.

"अरे, कान शाबूत ठेव माझा!"

"दोन आहेत की, काका!" तो म्हणायचा आणि दुकान हसायचं. पुढे पुढे बाप रिकामा असला तरी लोक त्याच्यासाठी थांबू लागले.

नगराध्यक्ष दाढीसाठी आमच्याकडेच येत. ते नेहमी त्याला डिवचत. "एवढा धडधाकट गडी आणि केस कापतोस? फौजेत जा. जग बघशील."

"साहेब, त्याच्या डोक्यात काही भरवू नका," मालक म्हणायचे. पण भरायचं ते भरलं होतं. पोरगा गेला.

त्याला समुद्रापलीकडे, दुसऱ्यांच्या भांडणात पाठवलं. तिथल्या एका रस्त्यावर त्याची गाडी सुरुंगावर गेली. पेटी आली ती बंद. उघडायची नाही, असं अधिकाऱ्यानं बजावलं. मुलाचे केस नीट करायचे म्हणून मालक खिशात कंगवा घेऊन गेले होते. तो तसाच परत आला. आई ज्याला त्याला एकच विचारत होती, "फार हाल नाही ना झाले त्याचे?"

मग चौकात पुतळा उभा राहिला. त्याला झुपकेदार मिशा होत्या. भिंगरीनं जन्मात मिशी ठेवली नव्हती.

अनावरणाच्या सकाळी नगराध्यक्ष माझ्यावर येऊन बसले. मालकांनी फेस लावला, एक गाल केला. साहेब म्हणाले, "आज तुमची छाती अभिमानानं फुलली पाहिजे."

वस्तरा थांबला. "साहेब, तुमचा मुलगा काय करतो?"

"तो? आपलं गोदाम बघतो. तब्येतीनं जरा नाजूक आहे."

मालकांनी त्यांच्या गळ्याचं फडकं सोडलं. "उठा."

"अहो, अर्धी राहिलीय!"

"माझ्या मुलाचं सगळंच अर्धं राहिलं. उठा."

साहेब दुसरीकडे दाढी उरकून वेळेवर भाषणाला पोहोचले. भाषण छान झालं म्हणे. त्यानंतर लोक आमचं दुकान टाळू लागले. "दुःख कळतं हो, पण मोठ्या माणसाचा असा अपमान?" असं म्हणत तेही गेले, ज्यांचे केस भिंगरीनं कापले होते. शेवटी दुकानाला कुलूप लागलं आणि मी इथे आले.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, नवी गादीही नको. त्या पुतळ्याला तुम्ही दरवर्षी धुता, पुसता, हार घालता. पलीकडच्या गल्लीत त्याचा बाप दारात बसलेला असतो. दाढी छातीपर्यंत आली आहे. हात थरथरतात, त्यामुळे स्वतःची स्वतः करता येत नाही. एकदा कोणीतरी गरम पाणी घेऊन त्यांच्याकडे जा. आणि दाढी करताना अभिमानाबद्दल काही बोलू नका.