अंगठ्याची जागा

सौदा साधा होता. व्हर्लिन स्टकीला मिळायचा होता एक पीचचा केक, आणि रविवारी चर्चच्या जेवणात चारचौघांत थोडं कौतुक. केक त्याला घरीही मिळाला असता. कौतुकाची आशा मात्र त्याने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सोडली होती.

शेजारची लोर्ना नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर लोकरी मोज्यात गुंडाळून घेऊन आली. नवरा, ओरिन, जाऊन आठ महिने झाले होते.

"ट्रिगरपाशी गंजाचा ठिपका आहे, तेवढा काढ रे. बाकी कशाला हात लावू नकोस."

"मग हात न लावता फुंकर मारून उडवू की काय?" व्हर्लिन म्हणाला. "जा तू, केक भाजायला घे."

गॅरेजमध्ये त्याने ते रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं, सुटं केलं, ठिपका घासला. ठिपक्याबरोबर तिथला जुना निळसर रंगही गेला. वर लोखंड काळं करायचं औषध लावलं, तर ते शाईसारखं उठून दिसायला लागलं. ते जुळवायला शेजारचं घासलं. मग त्याच्या शेजारचं. घरी पॉलिश करणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा ठाऊक असतो, आणि प्रत्येक जण त्यात ठरल्यासारखा पडतो. शेवटी त्याने पॉलिशचं चाकच सुरू केलं.

मुठीच्या वर, डाव्या अंगाला, एक पांढुरकी जागा होती. तीस वर्षं ओरिनचा अंगठा तिथे टेकून रंग उडाला होता. व्हर्लिनला ती दिसली. दिसली म्हणूनच चाक तिथे जरा जास्त वेळ धरलं. डाग म्हणजे डाग.

"नवरदेवाचा बूट दिसतोय," त्याची बायको नडीन दारातून म्हणाली. "तिने एवढं सांगितलं होतं?"

न्यायला आलेल्या लोर्नाने रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. तिचा अंगठा सवयीने मुठीच्या वर गेला, चाचपडला, थांबला.

"इथली जागा कुठे गेली?"

खरं बोलायला त्याला एक श्वास पुरला असता.

"गंज होता तो, लोर्ना. आत शिरला होता. राहिला असता तर सगळंच गेलं असतं."

"गंज?" तिने पुन्हा बोट फिरवलं. "आणि मी खुळी, रोज कॉफी झाली की तिथे अंगठा टेकून बसायचे. मला वाटायचं, ओरिनच आहे." ती हसली. "गंजावर! बरं झालं बाई, तू वाचवलंस."

तिने केक टेबलावर ठेवला.

रविवारी तिने ही गोष्ट तीन टेबलांवर सांगितली. लोकांनी व्हर्लिनची पाठ थोपटली. परतताना गाडीत नडीन एवढंच म्हणाली, "गंज, होय?" त्यावर त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

हिशेब असा मिटला. कौतुक ठरल्यापेक्षा जास्त मिळालं. केकचा एक घास खाऊन व्हर्लिनने बशी बाजूला सरकवली. उरलेला नडीनने संपवला. लोर्नाची अंगठ्याची जागा गेली. आणि ती ओरिनची होती, हा तिचा विश्वासही गेला. केकचं रिकामं भांडं तर तिने स्वतःच येऊन नेलं, आणि वर आभार मानले.