प्लास्टरची दोन टरफलं

प्लास्टर कापायला मला चार मिनिटं लागतात. त्या दिवशी मी पाऊण तास लावला आणि बाहेरच्या रांगेची बोलणी मुकाट्याने खाल्ली. दवाखान्यातल्या बावीस वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं.

समोर टपालवाली बसली होती. शेजारी तिची मावशी, मुठीत फोन घट्ट धरून. टपालवालीचा डावा हात नवऱ्याने मोडला होता. दुसऱ्यांदा.

गेल्या वर्षी, पहिल्या खेपेला, प्लास्टर काढल्यावर तिने त्याची दोन्ही टरफलं मागून घेतली होती. "शोकेसमध्ये मांडणार की काय?" मी म्हटलं, आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो. ती म्हणाली, "घरी वरून बांधेन. प्लास्टर असलं की नवरा हात उचलत नाही. लोक विचारतात ना." मी टरफलं कागदात गुंडाळून दिली. नवरा किरकोळ दंड भरून केव्हाच घरी येऊन बसला होता.

मधल्या काळात कायदा कडक झाला. आता घरातल्या माणसाचं हाड मोडलं की दंडावर सुटका नाही, थेट तुरुंग. निकालही दीड महिन्यात. तो आज लागायचा होता.

"दादा, फोन येईपर्यंत थांबाल?" टपालवालीने विचारलं.

"मला काय दुसरे उद्योग नाहीत?" मी खेकसलो, आणि करवतीची वायर उगाच सोडवत बसलो. मग कात्री सापडेना. मग चष्मा.

"नाकावर आहे," मावशी म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे वकीलबाई होत्या. "किती? परत सांगा हो, बाई!" मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशी ती ओरडली, "सात वर्षं! आजच आत नेला!"

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, डोळेही भरून आले. टपालवालीने फक्त बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

"काढा."

चार मिनिटांत काढलं. आतला हात काडीसारखा, पांढराफटक. ती तो कराकरा खाजवत सुटली आणि खाजवता खाजवता हसायला लागली.

गेल्या खेपेचं आठवून मी दोन्ही टरफलं कागदात गुंडाळली आणि तिच्यापुढे धरली.

"आता कशाला, दादा?" ती म्हणाली, आणि त्याच हाताने ती कचऱ्याच्या बादलीत टाकली.