आईचा नेम

आईच्या तेराव्याला मांडवात माणसं जेवत असताना क्रांतीनं सगळ्यांदेखत शब्द दिला होता, की आईचा नेम इथून पुढं मी चालवीन. आप्पांनी आधी सुनेला विचारलं होतं. राजनंदिनी चाकणला कंपनीत होती. ती म्हणाली, बुटाशिवाय आम्हाला गेटातून आत सोडत नाहीत, आप्पा. त्यात खोटं काही नव्हतं. आप्पांनी मान हलवली आणि मग कुणाकडंच पाहिलं नाही. ते न पाहणं क्रांतीला सोसलं नाही आणि ती बोलून गेली.

नेम साधा होता. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत पायात काही घालायचं नाही. क्रांतीचा भाऊ वीरधवल सैन्यात भरती झाला त्या वर्षी आईनं, बनुबाईनं, तो धरला. त्यानंतर वीरधवल बर्फात राहून आला, वाळवंटात राहून आला, आणि प्रत्येक खेपेला हातीपायी धड घरी आला. यात आईच्या पायांचा वाटा किती, हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती. आता त्याच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

मध्ये आईला साखर निघाली. निघाल्यावरही ती चालतच राहिली. एका नवरात्रात बाभळीचा काटा टाचेत मोडला आणि तिला तो कळलाच नाही; दसरा उलटल्यावर पाऊल सुजलं तेव्हा कळलं. पुढच्या वर्षी ती पायाला पट्टी बांधून गेली. पट्टी म्हणजे काय चप्पल न्हवं, असा निवाडा तिनं देवीच्या वतीनं स्वतःच देऊन टाकला होता, आणि त्यावर सगळे हसलेही होते. मग सांगलीच्या दवाखान्यात आधी बोटं गेली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. गेल्या नवरात्रात ती खाटेवरच होती, पण राहिलेल्या एका पायात तिनं नऊ दिवस चप्पल घालू दिली नाही. ज्येष्ठात ती गेली.

आणि भाद्रपदात, साताऱ्याला, क्रांतीला साखर निघाली.

शाळेत सगळे म्हणत होते, आईच्या दुःखानं वाळलीस. तिलाही तसंच वाटत होतं. ब्लाउज सैल झाले, तासाला शिकवताना घसा कोरडा पडायला लागला, पाण्याची बाटली मधल्या सुट्टीच्या आतच संपायला लागली. रडून झाल्यावर माणसाला तहान लागतेच, असं तिनं मनाशी धरलं होतं. नवऱ्यानं, सयाजीनं, हट्टानं तपासायला नेलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी समजावलं, की रिपोर्टमधला हा आकडा तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. क्रांती त्या आकड्याकडं बघत राहिली. त्या तीन महिन्यांत आई नव्हती, एवढंच तिला सुचलं.

पुढचं तिला पाठच होतं. काय खायचं, गोळी कधी घ्यायची, घरातसुद्धा चपलेशिवाय फिरायचं नाही. हीच वाक्यं तिनं वर्षानुवर्षं फोनवरून आईला ऐकवली होती, कधी प्रेमानं, पुष्कळदा चिडून. आता ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला जाणवलं, की ऐकणाऱ्याला त्यातलं एकही वाक्य आपल्यासाठी आहे असं वाटत नाही.

सयाजी म्हणाला, आप्पांना आजच फोन कर. ती म्हणाली, समोर बसून सांगते. मग पितृपंधरवडा लागला, आणि त्या दिवसांत असलं काही बोलायला तिची जीभ उचलली नाही.

अमावास्येला ती पलूसला एसटीतून उतरली आणि वडापच्या जीपनं गावात आली. वर्षाच्या आत घरात सण नसतात, पण देवीचं चुकवायचं नसतं, हे शेजारच्या सुलाबाईनं परस्पर ठरवून टाकलं होतं. घटाला शेतातली माती चाळून ठेवली होती, गहू निवडून ठेवले होते. सगळं आप्पांनी एकट्यानं केलं होतं. पत्रावळीसुद्धा.

चहाही त्यांनीच केला. आई होती तोवर या घरात सगळ्यांचाच चहा बिनसाखरेचा व्हायचा. तिच्या एकटीचा कप वेगळा दिसायला नको म्हणून. आता साखरेचा डबा पुढच्या फळीवर आला होता आणि आप्पांना प्रमाण राहिलं नव्हतं. पहिल्याच घोटाला क्रांतीचे दात शिवशिवले. गोड झाला व्हय, त्यांनी विचारलं. न्हाई, चांगला झालाय, ती म्हणाली. ते घरामागच्या परड्यात गेल्यावर तिनं उरलेला चहा मोरीत ओतला आणि कप विसळून पालथा घातला. आपण चोरी करतोय असं तिला वाटलं. याच मोरीपाशी उभी राहून आई गूळ खायची.

सांगायचं तर आत्ताच, असं ठरवून ती परड्याकडं वळली, तर सुलाबाई आत येत होती. आईच्याच वयाची, आईची जन्माची सोबतीण. नऊ दिवस दोघी मिळून देवळाला जायच्या.

“काय मास्तरीणबाई, आलात का? पाय दावा बघू,” सुलाबाई म्हणाली. “आगं, ह्ये तर लोण्याचं गोळं. ह्ये काय दसऱ्यापतूर टिकत न्हाईत.”

“टिकतील की,” क्रांती म्हणाली.

“बनुची लेक हाय, टिकवंल,” आप्पा परड्यातून म्हणाले. त्यांच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी थोडा उजेड होता. तो ऐकल्यावर क्रांतीच्यानं त्या दिवशी काही बोलवलं नाही.

सकाळी घट बसला. आप्पांनी मातीवर पाणी शिंपडलं, दिवा लावला, आणि सुलाबाई धरून तिघं देवळाला निघाली. क्रांतीनं सँडल उंबऱ्याच्या आत, भिंतीला लावून ठेवले. एक दिवस चालू, मग काही कारण काढून साताऱ्याला निघून जाऊ, असा तिचा विचार होता. शाळेचं कारण कुणालाही पटतं.

देऊळ गावाच्या वरच्या अंगाला माळावर होतं. आधी डांबरी, मग उसातून गाडीवाट, आणि शेवटी मुरमाचा चढ. डांबरीवरची खडी तळव्याला टोचली आणि तिला बरं वाटलं. गाडीवाटेला उसाची वाळकी पाचट पडली होती, तिच्या कडा लागत होत्या. लागतंय, म्हणजे अजून कळतंय. प्रत्येक खड्याला ती मनातल्या मनात हजेरी घेत चालली होती. सुलाबाई पुढून काहीबाही सांगत होती, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गाईचं. क्रांतीचं सगळं चित्त पायाखाली होतं. चढाला मुरूम सुईसारखा लागला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी दुखण्याचं नव्हतं. आपण आईच्या वाटेनं चाललोय, पण आपले पाय आईचे नाहीत, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

पायऱ्यांपाशी आप्पांनी चपला काढल्या. ओटी भरून झाली, नारळ फुटला. आप्पा बराच वेळ हात जोडून उभे होते. काय मागत होते ते तिघांनाही माहीत होतं.

उतरताना सुलाबाई थबकली. “ह्ये कुणाचं गं?”

पायऱ्यांवर एकाआड एक लाल ठिपके होते. देवळात दुसरंही कुणी आलं होतं, म्हणून क्रांतीनं आधी त्यांच्या पायांकडं पाहिलं. मग सुलाबाईच्या. मग तिनं आपला डावा पाय उचलला. तळव्याच्या कडेला, करंगळीच्या मुळाशी, बाटलीच्या काचेचा बारीक तुकडा रुतून बसला होता. तो कुठं घुसला, किती वेळ झाला, तिला सांगता आलं नसतं. सगळी वाट तर ती पायावरच मन ठेवून चालली होती.

“देवीला रगत वाहिलंस,” सुलाबाई म्हणाली. “पावली म्हण आता.”

आप्पांनी ते ऐकलं नाही. ते पायरीवर बसले, लेकीचा पाय मांडीवर घेतला आणि नखानं काच काढली. रक्त पुसलं. त्यांनी वर पाहिलं.

“दुखत न्हवतं व्हय?”

दुखत होतं, एवढंच म्हणायचं होतं. क्रांतीच्या ओठावर आलंही होतं.

“आप्पा, मला शुगर निघालीय.”

पाय तसाच त्यांच्या मांडीवर होता. सुलाबाईनं पदर तोंडाशी नेला.

“कवा?” आप्पांनी विचारलं.

“महिना होत आला.”

“आन् चालत आलीस.”

“शब्द दिला होता.”

“तिनं बी दिलाच हुता की,” आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. “मी काय केलं? म्हागनं म्हागनं चाललो. आजबी त्येच.”

ते उठले, खाली गेले, आणि आपल्या चपला आणून तिच्यापुढं ठेवल्या. जुन्या, रुंद, चामड्याच्या. ती म्हणाली, राहू द्या, एवढं घरापर्यंत. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. तिनं पाय घातले. टाचेमागं चार बोटं जागा उरत होती.

“लालासाहेब,” सुलाबाई आप्पांना हळूच म्हणाली, “नेमाचं मग?”

“ऱ्हायला.”

“आवं, पोराची दोनच वर्सं ऱ्हायल्याती.”

सांगलीच्या दवाखान्यात पाय काढायच्या कागदावर सही करताना आप्पांचा जो चेहरा झाला होता, तोच आत्ता झाला. तेव्हाही त्यांनी पेन हातात धरून असाच वेळ घेतला होता.

“ऱ्हायला म्हनलं न्हवं,” ते म्हणाले.

मुरमावरून ते पुढं झाले, अनवाणी. वय झालेलं, तोल सांभाळत पावलं टाकत होते. सुलाबाईला राहवलं नाही. “म्हंजी तुमीच चाललाय की.”

“नेम न्हाई धरला म्या. पायात चप्पल न्हाई, म्हनून चाललोय.”

तिघं उतरून गाडीवाटेला लागली. चपला फटाफट वाजत होत्या आणि क्रांतीला त्या आवाजाची लाज वाटत होती. घरी जखम धुऊन झाली, पट्टी झाली. दुपारी वीरधवलचा फोन आला. घट बसला का, ताई चालली का, त्यानं विचारलं. आप्पा म्हणाले, बसला. चालली. फोन ठेवल्यावर ते गोठ्यात गेले आणि दिवस मावळेपर्यंत आत आले नाहीत.

दिवेलागणीला त्यांनी घटापुढच्या दिव्यात तेल घातलं, आणि कापसाची एक कोरी वात हातात घेऊन क्रांतीच्या खाटेशी आले. जमिनीवर बसले. पाय दाव, म्हणाले. तिनं मागं ओढला. बापानं लेकीच्या पायाशी बसावं हे तिला नको होतं. त्यांनी तो धरून पुढं घेतला.

“दवाखान्यात शिकवलंय मला,” ते म्हणाले. “डोळं मीट. लागलं की व्हय म्हण. रोज बघायचो तिचं. हात लावायच्या आदीच म्हनायची, कळतंय. लय घाई तिला. मला बी बरं वाटायचं. तवा तू घाई करू नको.”

तिनं डोळे मिटले. वात अंगठ्याला लागली. व्हय. टाचेला. व्हय. मधल्या बोटाखाली. व्हय. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर गाय हंबरली. इतका वेळ जवळून ऐकू येणारा आप्पांचा श्वास थांबला होता, म्हणजे वात कुठं तरी टेकलेलीच असणार.

“आन् हितं?”

व्हय म्हणायला काहीच लागत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला आजची रात्र झोप लागली असती.

“न्हाई, आप्पा,” क्रांती म्हणाली. “हितं न्हाई कळत.”

आप्पांनी वात बाजूला ठेवली. तो पाय त्यांनी सोडला नाही. थोड्या वेळानं त्यांनी दुसरा पाय मागितला.