फक्त केबिनमध्ये चालणारा प्रोग्राम

मॅनेजर यज्ञेशसरांनी तिचा प्रोग्राम पुसायला लावला, तेव्हापासून ईराचं डोकं फिरलेलंच होतं. धाटावच्या त्या केमिकल कंपनीत कोणत्या टाकीत कोणता माल आहे आणि तो अंगावर उडाला तर काय करायचं, हे सांगणारा प्रोग्राम तिने सी भाषेत लिहिला होता. सी अशासाठी, की गेटवरच्या जुन्या डॉसच्या मशीनवर तो चालावा, नव्या विंडोजवरही चालावा, आणि उद्या नागोठण्याच्या गोदामात युनिक्स आलं तर थोडा हात फिरवून तिथेही चालावा.

पण सरांना काळ्या पडद्याची लाज वाटे. "मॅडम, शहाण्णव साल आहे! बटणं पाहिजेत, रंग पाहिजेत!" मग त्यांच्या पेणच्या मेव्हण्याने बटणांचा प्रोग्राम करून दिला. तो विंडोजशिवाय जागचा हलेना, आणि विंडोजचं मशीन कंपनीत एकच. ते एसी केबिनमध्ये, हळदकुंकू लावून, वर कापड पांघरून. चपला बाहेर काढायच्या आणि किल्ली सरांच्या खिशात.

टँकर येणार गेटवरून आणि नोंद होणार केबिनमध्ये! वॉचमनने चिठ्ठी लिहायची, सरांनी संध्याकाळी ती टाइप करून फाडायची. दोन-दोन नोंदी नकोत म्हणून गेटवरचा प्रोग्राम पुसायचा हुकूम निघाला. ईराने तो मुकाट्याने पाळला, याचा तिला स्वतःचाही संताप होता.

रविवारी सकाळी ती राहिलेली छपाई उरकत होती. पोपट वॉचमन धावत आला.

"मॅडम, सात नंबर टाकीचा पाइप गोविंदाच्या हातावर फुटला! धुवून रोह्याला धाडलाय. डाक्टर फोनवर इचारतात, माल कंचा? कळल्याबिगर औषध देता येत नाय."

सात नंबरात दर आठवड्याला माल बदलायचा. "कालची चिठ्ठी?"

"बदलीवाल्यानं लिवली, सायबांनी फाडली. टाकी भरणारा नाथा रातपाळी करून खांब गावाला घरी गेला. त्याच्याकं फोन नाय."

ईराने पेणला सरांच्या घरी फोन लावला. सरांच्या पत्नी म्हणाल्या, "ते गणपतीच्या कारखान्यात गेलेत, मूर्तीचा रंग पसंत करायला."

रंग! ईराने भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं उचललं आणि केबिनच्या काचेवर घातलं. चपलांसकट आत शिरली. विंडोज आपल्या सवडीने उघडलं. एक बटण, दुसरं बटण, तिसरं. शेवटी मालाचं नाव दिसलं, तेव्हा फोन येऊन वीस मिनिटं झाली होती. तिने ते डॉक्टरांना अक्षर-अक्षर करून सांगितलं.

गोविंदाचा हात वाचला. दोन बोटं मात्र काढावी लागली.

त्याच दुपारी कोणाला न विचारता तिने आपल्याकडच्या फ्लॉपीवरून गेटवर सीचा प्रोग्राम परत चढवला आणि पोपटाला शिकवला. सोमवारी टेबलावर मेमो आला. केबिनची काच फोडणे, गालिचा खराब करणे, चपला घालून प्रवेश करणे, खुलासा द्यावा. ईराने तो दोनदा वाचला. गोविंदाचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

ती तडक सरांसमोर उभी राहिली.

"खुलासा देते सर, पण इथे नाही. दवाखान्यात चला. गोविंदाची बायको सीताबाई बाहेर बाकावर बसलीय. हा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवा, मग मी खाली सही करते."

"मॅडम, एवढं कशाला ताणायचं?" सरांनी हात पुढे केला. "आणा तो कागद इकडे."

"नाही," ईरा म्हणाली. "गाडी काढा."