कथलाचा चंबू

तुमच्या रक्तात शिसं सापडलं, असं डॉक्टर उपेंद्रांनी सांगितलं तेव्हा राममूर्तीरावांना आधी हसूच आलं. अण्णा नगरच्या दवाखान्यात ते रंजनीला, आपल्या मुलीला, घेऊन बसले होते.

"चाळीस वर्षं बँकेत शिक्के मारले, डॉक्टर. शिसं कुठून येणार?"

"बॅटरीचं काम? वैद्याचं भस्म वगैरे?"

"छे."

"स्वयंपाकाची भांडी?"

उत्तर रंजनीनेच दिलं. "अम्माचा कथलाचा चंबू आहे साराचा. तंजावरचा, पणजीपासूनचा. आम्ही सगळे त्यातलंच सार खाऊन वाढलो, त्याला नावं ठेवू नका. रविवारी मी तो आवडीला, माझ्या घरी, नेणार आहे, माझ्या भव्यासाठी. तीन वर्षांची झाली, सारभात आवडतो तिला."

डॉक्टरांनी कागदावर घेवड्याच्या दाण्यासारखं मूत्रपिंड काढलं. "आत बारीक नळ्या असतात. शिसं आधी त्यांत शिरतं. दुखत नाही, कळत नाही. नळ्या आकसतात, व्रण धरतात, रक्तदाब चढतो आणि तो उरलेल्या नळ्या मारतो. काही शिसं हाडांत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं झिरपत राहतं. गेलेलं परत आणता येत नाही. पण ते येतंय कुठून, ती वाट बंद केली तर उरलेलं वाचेल. लहान मुलांना तर थोडंही नको."

राममूर्तीराव कागदाकडे बघत राहिले.

चंबू त्यांच्या बायकोचा, अलमेलूचा, नव्हताच. हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

ती जाऊन वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघरात फोनवर कीर्तन लावलं होतं. बुवांनी पूर्वरंग आटोपून आख्यान धरलं, झांज लागली, आणि रावांच्या हातून गॅस पेटला, चंबूत पाणी घालायचं राहिलं. कथील जाळावर किती टिकणार? आधी पाणी, मग जाळ, हे अलमेलू रोज म्हणायची. बघता बघता चंबू खाली बसला, अर्धा शेगडीत वाहून गेला.

उरलेला गोळा पिशवीत घालून ते बाजारामागच्या ओतार्‍याकडे गेले. "कमी पडतंय साहेब, थोडं घालतो," असं तमिळमध्ये म्हणून त्याने करड्या धातूचे तुकडे मुशीत टाकले. कसले, ते रावांनी विचारलं नाही. त्यांना फक्त तसाच चंबू हवा होता, रंजनीला कळू नये असा. त्यात रोज चिंचेचं सार होई, सवयीने दोघांपुरतं, आणि संध्याकाळपर्यंत त्यातच राही.

आता घरी ते त्या चंबूसमोर बसले. आयुष्यभर किती कीर्तनं ऐकली. त्यांत चुकलेला माणूस कबुली देतो तेव्हा मागे झांज असते, सभा नामघोष करते. इथे फ्रिजची घरघर होती. त्यांनी मनात विठोबाचं नाव घेतलं आणि फोन लावला.

रंजनीने सगळं ऐकून घेतलं.

"अप्पा, दोन वर्षं दर रविवारी भव्याला त्यातलंच सार वाढलंत?"

"हो गं."

फोन बंद झाला. तीन दिवस आला नाही.

रविवारी ती एकटीच आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "भव्याचं रक्त तपासलं. आहे थोडंसं. उतरेल म्हणतात, दर महिन्याला बघायचं." मग चंबू उचलून तिने हातात तोलला. "जड आहे. मागेच वाटलं होतं मला. म्हटलं, माझेच हात थकले असतील."

"अम्माचा वितळला गं. सांगायला तोंड नव्हतं."

"अम्मा असती तर ओरडली असती तुम्हाला."

"असती तर मी कशाला पेटवला असता."

चंबू तपासणीला द्यायचा म्हणून तिने वर्तमानपत्रात गुंडाळला. ओट्यावर स्टीलच्या पातेल्यात सार होतं, सगळे येतील म्हणून चौघांपुरतं केलेलं. वाटीभर घेऊन ती उभ्यानेच प्यायली.

"मीठ कमी आहे."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"सरी, बरं," म्हणाली, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली. राव जिन्यापर्यंत गेले. परत येऊन त्यांनी पातेलं झाकलं. पुढच्या रविवारी भव्या येईल का, हे विचारायचं राहून गेलं होतं.