सैल वायरीची रेघ

मित्रांनो, मी नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयातली जुनी ईईजी मशीन आहे. माणसाच्या डोक्याला माझ्या वायरी चिकटवल्या, की त्याच्या मेंदूतल्या लहरी मी पडद्यावर रेघांनी दाखवते. पंधरा वर्षं हेच करते आहे. आधी माझं फार कौतुक झालं. आता माझ्यावर कोणीही फायली ठेवतं. त्याचं मला काही नाही. मला राग आहे तो वेगळाच.

दोन वर्षांपूर्वी सायखेड्याची वेदिका माझ्यासमोर झोपली होती. सातवीतली मुलगी. उपाशीपोटी शाळेत गेली आणि प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. माझ्यावर काम करणाऱ्या सरोजिनीताईंनी वायरी लावल्या. मध्येच एक वायर सैल झाली आणि माझ्या रेघेत एकदम टोक उठलं. ताईंनी लगेच वायर नीट केली आणि त्या टोकाखाली नोंद टाकली: ‘वायर सैल.’

शिकाऊ डॉक्टर मयुरेशने ते टोक पाहिलं, नोंद वाचलीच नाही. रिपोर्टवर त्याने लिहिलं: अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार. विभागाच्या मोठ्या सरांनी न बघता खाली सही ठोकली. शिकवायला त्यांना कधीच वेळ नव्हता!

गोळ्या सुरू झाल्या. वेदिका वर्गात पेंगू लागली. सायकल बंद झाली, पुढे शाळाही सुटली.

यंदा तिचे वडील खंडेराव तिला पुन्हा घेऊन आले. “लय झोपते हो पोर. हसत बी नाय,” ते म्हणाले. नव्या शिकाऊ डॉक्टर अपूर्वाने तिची तपासणी पुन्हा करवली. सगळं नीट होतं. मग तिने जुन्या रेघा काढल्या आणि ताईंची नोंद वाचून ती त्यांच्याकडे वळली.

“ताई, अशी खोटी टोकं कशी ओळखायची, हे आम्हाला कोणी दाखवलंच नाही.”

“मग आपण दाखवू,” ताई म्हणाल्या.

त्या दोघींनी मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढले. डोळे मिचकावले की रेघ कशी उडते, दात आवळले की कशी दाटते, वायर सैल झाली की टोक कसं येतं. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी एक रेघ आणि एक प्रश्न: हा आजार आहे का? पंधरा दिवसांत सगळे शिकाऊ डॉक्टर त्या रेघांवरून वाद घालू लागले.

मोठ्या सरांना हे कळलं. ते माझ्या खोलीत येऊन ओरडले, “टेक्निशियनने डॉक्टरांना शिकवायचं? आजच्या आज सगळं काढून टाका!”

माझ्या अंगात रक्त असतं, तर तेव्हा उकळलं असतं. ताईंची मान खाली गेली. तेवढ्यात दारातून मयुरेश आत आला. आता तो सीनियर झाला होता. वेदिकाच्या जुन्या रेघा त्याच्या हातात होत्या.

“सर, वेदिकाचा रिपोर्ट मी चुकवला. सही तुमची आहे. ताईंनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. पुढचा व्हिडिओ माझ्या चुकीचा काढायचा. मी स्वतः बोलणार आहे त्यात.”

सर निघून गेले. व्हिडिओ राहिले.

त्याच दिवशी मयुरेशने खंडेरावांना बोलावून त्यांची माफी मागितली. अपूर्वाने कमी करायला घेतलेल्या गोळ्या हळूहळू बंद कशा करायच्या, हेही समजावलं. खंडेरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ते समदं ठीक हाय, डॉक्टर. पण पोरीची दोन वर्सं कोन देनार?”

त्या प्रश्नामुळेच माझा राग अजून गेलेला नाही.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या डॉक्टर व्हाल, माझ्यासारख्या मशीनसमोर बसाल. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण रेघ कळली नाही, तर सही करू नका. शेजारी उभ्या असलेल्या ताईंना विचारा.