शिडीला एक मत

"काकू, यंदा एकच!" इस्त्रीवाला मोबाइल नाचवत दारात आला. "आपल्या बूथवर शिडीला एकच मत. आता खरं सांगा, फुटलं कोण? तुम्ही की काका?"

समोरच्या ओट्यावरची मंडळी फिदीफिदी हसली. काकू गणवेशाच्या शर्टांना काजं करत बसल्या होत्या. त्यांची सुई कापडात तशीच थांबली.

ही गल्लीची जुनी मौज होती. प्रत्येक निवडणुकीत बूथवार आकडे यायचे आणि शिडी या निशाणीपुढे दोन मतं दिसायची. ती कोणाची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गल्ली तशी शहाणी. जिंकेल तो आपला म्हणणारी. एकटे काका शिडीला चिकटून होते. बाजारात कुलपं दुरुस्त करायचे. पक्षात माणसं उरली नव्हती, कार्यालयाचं कुलूप तेवढं उरलं होतं, आणि त्याची किल्ली काकांच्या जुडग्यात असायची.

काकू पक्षाला येता-जाता नावं ठेवायच्या. "तुमच्या शिडीला पायऱ्या तरी उरल्यात का?" पण लग्नानंतर काकांनी दाखवलेली खूण हाताला अशी बसली होती, की बोट आपोआप तिथेच जायचं. याही वेळी गेलं होतं. दिवा लागलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

म्हणजे ते एक मत त्यांचं होतं.

त्यांनी आत पाहिलं. काका किल्ली घासत बसले होते. कानस थांबली होती आणि मान वर होत नव्हती. हा माणूस फुटला? पण चारचौघांत त्याची अब्रू जाऊ द्यायची नव्हती.

"मीच फुटले बाबा," त्या हसून म्हणाल्या. "कंटाळले त्या शिडीला."

"वाटलंच!" इस्त्रीवाला म्हणाला. "काका मोडतील, पण वाकायचे नाहीत."

तेवढ्यात मुलगा आला. नगरपालिकेच्या कचरागाडीवर तो रोजंदारीवर ड्रायव्हर होता. नेहमी दारात बूट काढायचा, आज तसाच आत आला. त्याने दार लोटून घेतलं.

"उद्यापासून येऊ नको म्हणाले."

"का रे?" काकूंनी विचारलं.

"यांना विचार! नगरसेवक स्वतः दुकानात येऊन सांगून गेला होता. बूथवर शिडीला शून्य दिसलं तर पोरगा कायम, नाहीतर घरी. मी पाया पडलो यांच्या. 'बघतो' म्हणाले." त्याचा आवाज फाटला. "काय बघितलंत, बाबा? बाहेर ऐकलं मी. आईनेसुद्धा माझ्यासाठी मत फिरवलं. तुम्हाला तेवढं नाही जमलं?"

काकूंच्या हातून शर्ट गळून पडला. यातलं त्यांना कुणी अवाक्षरही सांगितलं नव्हतं. पोराच्या पोटावर पाय आणणारं मत त्यांचं होतं.

"अरे, ते मत..."

"माझं होतं," काका घाईने म्हणाले. त्यांनी काकूंकडे रोखून पाहिलं. "नाही झालं माझ्याच्यानं. चुकलं."

"तुमचं तत्त्व तुम्हीच घेऊन बसा," मुलगा म्हणाला. त्या दिवशी तो बापाबरोबर जेवला नाही.

पोरगा आडवा झाल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "अहो, मला एका शब्दाने सांगायचं होतंत. मी काय नाही म्हणाले असते?"

काकांनी हातातली किल्ली खाली ठेवली.

"जन्मभर तुला एक सांगत आलो. आता कोणत्या तोंडाने दुसरं सांगू? तीनदा तुझ्याजवळ आलो. जीभच रेटेना." मग म्हणाले, "आणि तू पक्षाला एवढ्या शिव्या घालायचीस. वाटलं, तू मनातून केव्हाच दुसरीकडे गेली असशील."

काकूंना रडू कोसळलं. पोराला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी तोंडात पदर कोंबला. खरं सांगावं, तर बापाचा गल्लीतला उरलासुरला मान जाणार होता आणि नोकरी काही परत येणार नव्हती.

सकाळी कचरागाडी आली. स्टिअरिंगवर दुसराच कोणी होता. घरात मुलाने डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं. काकू बादली घेऊन बाहेर आल्या, तेव्हा काका दुकानाला निघाले होते. नगरसेवकाच्या धमकीची गोष्ट रात्रीतून गल्लीभर झाली होती. इतकी वर्षं हसणारी गल्ली आज ओट्यावरून उठून उभी राहिली.

"काका, मानलं तुम्हाला!" इस्त्रीवाल्याने हात जोडले. "पोराची नोकरी गेली, पण वाकला नाहीत. वाघ आहात!"

काकांनी एकदाच मागे वळून काकूंकडे पाहिलं. मग एरवी गल्लीच्या मधोमध चालणारा तो माणूस खाली मान घालून भिंतीच्या कडेकडेने निघून गेला.